ओल्या रोझमेरीच्या बाटल्या

४ एप्रिल, शुक्रवार

आमच्या इमारतीपुढची रोझमेरी आज गेली. पाण्याची मुख्य नळी बदलायची म्हणून भिंतीलगत खणणं भाग होतं, आणि ती सगळी रांग नेमकी तिथेच. कमरेएवढी झुडपं, सुईसारखी बारीक, वासाची पानं. येता-जाता हात फिरवायचा आणि बोटं हुंगत जिना चढायचा, ही माझी कितीतरी वर्षांची सवय. ती अशी फुटपाथवर आडवी पडलेली बघितली आणि तिथेच थांबले. खणणाऱ्यांच्या मुकादमाला विचारलं, "थोडी नेऊ का?" तो म्हणाला, "थोडी कशाला, सगळी न्या. आमची खेप वाचेल."

सगळी आणली. बाथरूमचा टब काठोकाठ भरला, वर दोन बादल्या. हे ऑफिसमधून आले, तोंड धुवायला आत गेले आणि तसेच बाहेर आले. "आत जंगल उगवलंय," म्हणाले. "मी कुठे जाऊ?"

तिकिटांचं ऑफिस बंद पडून माझी नोकरी गेली, तेव्हापासून मी घरात नुसती भिरभिरत होते. आज हात कामाला लागले. बोटांना चीक लागलाय, साबणानं जात नाही. जावा असं वाटतही नाही.

६ एप्रिल, रविवार

एवढी रोझमेरी टिकवायची कशी, याच उद्योगात दोन दिवस गेले. काही डहाळ्या फुलांसारख्या पाण्याच्या बरणीत उभ्या केल्या. काही ओलसर कापडात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये. काही जुड्या कपड्यांच्या दोरीवर उलट्या टांगल्या, ह्यांच्या शर्टांशेजारी. काही तशाच फ्रीझरमध्ये. एक गंमत कळली: ओल्या डहाळीची पानं एकेक खुडावी लागतात, पण तीच गोठली की मुठीत धरून ओढायची, पानं सरसर सुटतात. हे मला कुणी शिकवलं नाही. लेकीला लगेच फोन केला (ती दुसऱ्या शहरात शिकते). म्हणाली, "आई, तू इतकी खूश शेवटची कधी होतीस?" मला आठवेना.

पण सगळ्यात देखणं झालंय ते तेल. रिकाम्या बाटल्या धुतल्या, प्रत्येकीत सोललेल्या लसणाच्या पाकळ्या टाकल्या, एक ओली डहाळी उभी सोडली आणि वर गळ्यापर्यंत तेल. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं मांडल्या. ऊन आरपार आलं की समोरच्या भिंतीवर पिवळे-हिरवे डाग हलतात. मी खुर्ची ओढून बघत बसले. ह्यांनी दोनदा हाक मारली म्हणे.

९ एप्रिल, बुधवार

खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना एक बाटली दिली, समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना एक. बाई म्हणाल्या, बटाटे परतले तर घरभर घमघमाट सुटला. डॉक्टर म्हणाले, "विकत का नाही हो? लोक उड्या मारतील." ते माझी दाढ काढतानाही असंच गोड बोलत होते, तेव्हा फार मनावर घेऊ नये. पण घेतलं. लेबलं करून चिकटवली. 'ओल्या रोझमेरीचं तेल.' माझं अक्षर चांगलं आहे, हे मी विसरले होते.

१३ एप्रिल, रविवार

आज थोरल्या जाऊबाईंकडे जेवायला. जाताना एक बाटली नेली. नेऊ नये असं आतून वाटत होतं.

थोरल्या म्हणजे एकेकाळच्या मुख्याध्यापिका. शाळा सुटली पण हातातली लाल पेन्सिल काही सुटली नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी मी केलेलं सूप चाखून म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताला चव आहे, धीर नाही." लेक वीस वर्षांची झाली, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

बाटली त्यांनी उजेडात धरली, बूच काढून हुंगली. मी आपली निकालाची वाट बघत उभी.

"लसूण कच्चाच घातलास?"

"हो."

"टिकेल का गं?"

"तेलात आहे ना सगळं. टिकेल की," मी जरा तोडूनच म्हणाले.

"हं," म्हणाल्या, आणि बाटली घेऊन आत गेल्या.

त्या 'हं'चा अर्थ मला चांगला कळतो. भावोजींना आणि ह्यांना काहीच दिसत नाही, दोघं भाऊ मोटारीच्या टायरवर बोलत होते. येताना ह्यांना म्हटलं, "बघा, ती बाटली उद्या कचऱ्यात असेल." हे म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच."

१७ एप्रिल, गुरुवार

थोरल्यांचा फोन. "तुझं ते तेल संपत आलं गं. अजून एखादी बाटली आहे का?"

चार दिवसांत? एवढी बाटली? मी म्हटलं, "इतक्यात संपली?" तर हसल्या आणि म्हणाल्या, "दोघांत कुठलं, मी एकटीच खाते." मी खोच कुठे आहे ते शोधत राहिले. आधी कौतुक आणि मग टाचणी, ही त्यांची जुनी रीत. आज टाचणी सापडली नाही, म्हणजे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवली असणार. नाहीतर कुणाला तरी देऊन टाकली असेल आणि आता त्या माणसाला आणखी हवी असेल.

तरी दिली. खिडकीत कोपऱ्यातली होती, पहिल्या दिवसाची, सगळ्यात मुरलेली. म्हटलं, बघू देत. ह्यांच्या हाती पाठवली.

२० एप्रिल, रविवार

लेकीचा फोन आला, आणि आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"आई, तेलात तू डहाळ्या ओल्याच घातल्यास? आणि लसूण कच्चा? आणि बाहेर खिडकीत?"

"मग? तेल आहे ना वर."

"तेच तर. आतला ओलावा तसाच राहतो आणि हवा लागत नाही. त्यात एक जंतू वाढतो, त्याचं विष होतं. मी पाठवलंय ते वाच. वास बदलत नाही, चव बदलत नाही, आई. कळत नाही."

मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, आम्ही आठवडाभर खातोय, काय झालं? ती म्हणाली, "तुम्ही तव्यावर तापवून खाताय. उकळलं तर ते विष नष्ट होतं. कच्चं घेतलं तर?"

मग वाचलं. पुन्हा वाचलं. पापण्या जड होतात, एकाची दोन दिसतात, जीभ जड होते, घास गिळता येत नाही, मग श्वास. वाळवलेली चालते, गोठवलेली चालते. ओली तेलात घालायचीच तर फ्रिजमध्ये ठेवायची आणि थोड्याच दिवसांत संपवायची. म्हणजे मी केलेल्या सगळ्या प्रकारांत एकच चुकीचा होता, आणि मी वाटला तोच.

खिडकीतल्या बाटल्यांकडे बघवेना. पडदा ओढला.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळीच खाली गेले. शिवणकामवाल्या बाईंना म्हटलं, "बुचं गळतात हो, बदलून देते." खरं सांगायला तोंड उघडलं होतं, बाहेर पडलं ते हे. त्यांनी अर्धी बाटली परत दिली. डॉक्टरांनाही बुचाचंच सांगितलं. ते म्हणाले, "बायकोनं परवाच मासे भाजले त्यात, मस्त झाले." दोघांकडे शिजवूनच वापरलं, सगळे ठणठणीत. जिन्यात क्षणभर बसले, इतकं हलकं वाटलं.

राहिल्या थोरल्या.

फोन हातात घेतला होता. पण त्यांच्यापुढे बुचाची थाप टिकणार नाही. त्या दोन प्रश्न विचारतील आणि मी वर्गात उभी राहीन. 'टिकेल का गं' असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी 'टिकेल की' म्हणाले होते. तेव्हा काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आणि खरं म्हणजे त्यांनी ती वापरली कुठे असणार? कपाटात मागे पडली असेल. जाऊ दे. रविवारी जाऊ तेव्हा बोलता बोलता काढून घेईन.

ह्यांना काहीच सांगितलं नाही. उरलेल्या बाटल्या न उघडता पिशवीत बांधून कपाटाच्या तळाशी ठेवल्या आहेत.

२३ एप्रिल, बुधवार

दुपारी भावोजींचा फोन आला. थोरल्यांना एकाची दोन दिसतायत. सकाळपासून डोळे उघडे राहत नाहीत. बोलणं अडखळतंय. रुग्णालयात नेतोय.

हे म्हणाले, "झटका आला असेल का गं मेंदूला?" मला माहीत होतं. फोन यायच्या आधीपासून माहीत असल्यासारखं माहीत होतं.

रुग्णालयात त्या उशीला टेकून होत्या. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, पण आतून टक्क जाग्या. मला बघून काहीतरी म्हणाल्या, शब्द कळला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूच्या फोटोत काही दिसत नाही. मग विचारलं, "खाण्यात काही वेगळं आलं होतं का? डबाबंद, घरी साठवलेलं?"

भावोजी म्हणाले, "नाही हो. नेहमीचंच. मीही तेच खातो."

मी फरशीकडे बघत होते. फरशीच्या दोन चौकोनांमधल्या फटीत कुणाची तरी केसांची पिन अडकली होती. डॉक्टरीणबाई गेल्या. मी बोलले नाही. हे इथे लिहिते आहे, कारण हे मी केलं.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी गेलो तर त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं होतं. श्वास पुरेना म्हणून नळी घातली. भावोजी बाकावर बसले होते, एका पायात मोजा, एक पाय उघडा. ते बघितलं आणि मी उठले. डॉक्टरीणबाई दारातून बाहेर येत होत्या.

"त्यांनी माझं तेल खाल्लंय," मी म्हटलं. "ओली रोझमेरी, कच्चा लसूण. बाहेर ठेवलेलं होतं."

हे आणि भावोजी दोघंही ऐकत होते. डॉक्टरीणबाई एकदम थांबल्या. केव्हा केलं, कुठे ठेवलं, आणखी कुणी खाल्लं, भरभर विचारलं. "बाटली आहे? लगेच घेऊन या. औषध इथे नाही, दुसऱ्या शहरातून मागवावं लागेल." जाता जाता वळल्या. "विष पसरायचं थांबवता येतं, झालेलं भरून यायला वेळ लागतो. काल बोलला असतात तर बरं झालं असतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

ह्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"रविवारपासून."

भावोजींनी नुसती घराची किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

थोरल्यांच्या घरी बाटली शोधावी लागली नाही. मी आधी कपाटं उघडली, मागे हात घातला, कचऱ्याचा डबा पाहिला. आणि ती होती जेवणाच्या टेबलावर मधोमध, शेजारी बशी, बशीत तेलाचा ओघळ आणि पावाचा चुरा. पहिली बाटली ओट्यावर धुऊन पालथी घातलेली, लेबल भिजू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलेलं.

बाहेर पडले तर शेजारच्या दारात एक आजीबाई. "तुम्ही धाकट्या का? त्या तेलवाल्या?" मी मान हलवली. "काय हो, रोज संध्याकाळी गॅलरीत बसून पाव बुडवून खायच्या. आमच्या धाकटीनं केलंय, म्हणायच्या. मी चमचाभर मागितलं तर दिलं नाही हो! म्हणाल्या, संपेल, मग तिला सारखं कुठे मागू."

त्या हसत होत्या. मला जिना दिसेना.

२६ एप्रिल, शनिवार

औषध काल पोचलं, दिलं. नळी तशीच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता थांबायचं.

हे माझ्याशी बोलतात, म्हणजे 'दूध संपलंय', 'किल्ली घेतली का'. आज चहा पिता पिता अचानक म्हणाले, "तू सगळ्यांकडून बाटल्या परत आणल्यास. परक्यांकडून. एका वहिनीकडूनच नाही." ह्यांची आई गेली तेव्हा हे नऊ वर्षांचे. वहिनी नवी नवरी होती, ह्यांचा शाळेचा डबा तिनंच भरला. हे मला ठाऊक होतं. लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

२८ एप्रिल, सोमवार

आरोग्य खात्याच्या एक बाई आल्या, कपाटातली पिशवी तशीच नेली. म्हणाल्या, ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्यांना स्वतः सांगा, काही त्रास झाला तर लगेच दाखवायला हवं.

म्हणजे पुन्हा तीच दारं. दातांचे डॉक्टर ऐकून "ठीक आहे, कळलं" म्हणाले आणि दार लावलं. हळूच लावलं. शिवणकामवाल्या बाई मशीनवर होत्या. सगळं ऐकून घेतलं. "मग बुचाचं कशाला सांगितलंत?" त्यांनी खण उघडला आणि दोन नवी बुचं माझ्यापुढे ठेवली. "बाजारात गेले होते, तुमच्यासाठी आणून ठेवली होती. आता याचं काय करू?"

मी ती घेऊन आले. काय करणार होते?

४ मे, रविवार

काचेतून बघू देतात. त्यांचे केस विस्कटलेले मी कधी पाहिले नव्हते.

आज भावोजी बाजूला येऊन उभे राहिले. त्या गुरुवारपासून माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. दोघंही काचेकडे बघत होतो. मग म्हणाले, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. खोटंच. ते म्हणाले, "मी नाही," आणि खाली कँटीनमध्ये गेले. मला बोलवायचं होतं का नुसतं सांगायचं होतं, कळलं नाही. मी गेले नाही. आता वाटतं, जायला हवं होतं.

१७ मे, शनिवार

नळी काढली! स्वतःचा श्वास घेतायत. हे रुग्णालयाच्या आवारात भिंतीला टेकून रडले. मी पाण्याची बाटली धरून उभी होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि प्यायले. एवढंच. पण घेतली.

२ जून, सोमवार

लेक सुटीला आली आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, मी तेव्हाच काकूला फोन करायला हवा होता. तू करशील असं धरून चालले." हिलाही आता हे ओझं. तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. तरी."

थोरल्या घरी आल्यात. रोज सकाळी मी जाते, त्यांना भरवायचं काम माझ्याकडे आहे. मीच मागून घेतलं. सूप, खिमट, मऊ केलेले बटाटे. घास सावकाश गिळतात, प्रत्येक घासाला मी स्वतःचा श्वास धरून बसते. त्या बोलत नाहीत. आवाज अजून घोगरा आहे म्हणून, असं भावोजी म्हणतात. भावोजींशी बोलतात मात्र.

८ जून, रविवार

आज बोलल्या.

सूप अर्ध्यावर आलं होतं. त्यांनी हातानं चमचा बाजूला केला. डावी पापणी अजून जराशी उतरलेली असते, त्यामुळे बघताना मान मागे नेतात, अगदी वर्गात न्यायच्या तशी.

"मला का नाही सांगितलंस?"

मी इतके दिवस या प्रश्नाची उत्तरं जुळवत होते. घाबरले म्हणून. वेळ मिळाला नाही म्हणून. एकही आठवलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही ती टाकून दिली असेल."

"टाकून?"

"हो. मी दिलेली म्हणून."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरा कुणी 'येऊ दे, येऊ दे' म्हणून ओरडत होता. ते संपेपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.

"आजारपणाचं एक असो," त्या म्हणाल्या. शब्द जपून, एकेक ठेवत. "पण हे मात्र लागलं हं मला."

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला.

"मी तुला इतकी वाईट वाटते?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "वाटत होतात." रडू फुटलं, आणि रडायचा हक्क आपला नाही हे माहीत असून थांबेना. त्यांनी मला थोपटलं नाही, जवळ घेतलं नाही. उशाचा रुमाल माझ्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

उरलेलं सूप स्वतःच्या हातानं प्यायल्या. चादरीवर सांडलं, पण मला चमचा धरू दिला नाही. मी चादर बदलली, वाटी धुतली, पिशवी उचलली.

"उद्या येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. दारापर्यंत पोचले, चप्पल पायात घातली. वाटलं, इतकंच होतं. आणि इतकं तरी त्यांनी का करावं?

"परवा ये," मागून आवाज आला. "आणि काही करून आणू नकोस. रिकाम्या हातानं ये."

भावोजी दाराशी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पेपर हलत होता. हसत होते की काय, मी थांबून पाहिलं नाही.

परवा जायचं आहे.